पुसलेला फळा

पत्र थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय ६२. चौतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि फळ्यावर सुविचार लिहिल्याशिवाय एकही दिवस परिपाठ होऊ दिला नाही. निवृत्तीनंतर घराच्या ओसरीतही त्यांनी एक छोटा फळा लावला आहे. धाकटा मुलगा ३१ वर्षांचा, इंजिनिअर. सात वर्षांपूर्वी राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याला गेला. दोनदा मुख्य परीक्षा दिली, त्यातल्या एकदा मुलाखतीपर्यंत पोचला, या वेळी पूर्वपरीक्षेतच राहिला. वडील त्याला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक म्हण किंवा संतवचन पाठवतात. गेल्या महिन्यात तो चार दिवस घरी आला होता. ओसरीतल्या फळ्यावर तेव्हा 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' असं लिहिलेलं होतं. पहाटेच्या एसटीने तो परत गेला, त्या सकाळी फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेला होता आणि खडू खालच्या पट्टीवर नीट ठेवलेला होता. तेव्हापासून वडिलांचे सकाळचे मेसेज तो उघडत नाही. आईला मात्र त्याने सांगितलं आहे की मित्राच्या ओळखीने चाकणला नोकरी मिळते आहे, घ्यावी असं वाटतं. शेजारचा मुलगा पाचव्या प्रयत्नात फौजदार झाला. गुरुजी विचारतात, 'आता चिकाटी सोडली तर हा जन्मभर हळहळेल. एक शेवटचा प्रयत्न करायला त्याला कसं तयार करू? आणि म्हणी सांगितल्या हे माझं चुकलं का?'

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या खडूपाशी अडखळले. फळा रागाने पुसायचा असता तर हाताने फराटा मारूनही पुसता आला असता. तुमच्या मुलाने फडकं ओलं केलं, कोपरे पुसले, खडू जागेवर ठेवला. मास्तरांच्या घरात वाढलेल्या मुलाने, वडिलांचा मान ठेवून, न बोलता सांगितलेली गोष्ट आहे ती. तुमच्याही नजरेला तो खडू पडला आणि तुम्ही तो पत्रात आवर्जून लिहिलात. म्हणजे त्याने काय सांगितलं ते तुमच्यापर्यंत अर्धं तरी पोचलं आहे.

चुकलं का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. मी तिथूनच सुरुवात करते.

त्या दिवशीची फळ्यावरची ओळच बघा ना. ती भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाची, सतराव्या शतकात वामन पंडितांनी मराठीत आणलेली. तुम्हाला पूर्ण श्लोक पाठ असेल, पण बहुतेक घरांत त्याची पहिली ओळ तेवढी उरली आहे. श्लोक पुढे म्हणतो की तहानलेल्याची तहान एक वेळ मृगजळानेही भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन वळवता येणार नाही. म्हणजे वाळूचं तेल इथे मृगजळ आणि सशाच्या शिंगाच्या पंगतीला बसलं आहे. ते अशक्याचं उदाहरण आहे! पिढ्यान्‌पिढ्या आपण ते मुलांना उमेद देण्यासाठी सांगत आलो. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, ती ओळ कानाला गोडच आहे. पण सात वर्षं रगडून थकलेल्या मुलाने ती चार दिवस येता-जाता वाचली असेल, तेव्हा त्याला त्यात तेल दिसलं असेल की वाळू? मला वाटतं, वाळू.

तुम्ही पाठवलेल्या मेसेजांची यादीही पत्रात आहे. त्यात 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे' आहे. हा चरण ज्या अभंगाचा आहे त्यात तुकोबा बचनागाची गोष्ट सांगतात. बचनाग म्हणजे जहाल विष. ज्यांनी ते साधलं आहे ते तोळा तोळा खातात, इतरांना ते डोळ्यांनी बघवतही नाही. सवय हळूहळू, मात्रा ओळखून करावी लागते. एकदम खाल्लं तर माणूस मरतो. दुसऱ्या एका अभंगात ते म्हणतात, 'ओलें मूळ भेदी खडकाचें अंग'. त्यातल्या 'ओलें' या शब्दावर माझं बोट नेहमी थांबतं. खडक फोडतं ते ओलं मूळ. वाळलेलं मूळ खडकात शिरत नाही, तुटतं. आणि समर्थांनी दासबोधात लिहिलं, 'अचूक यत्न करवेना, म्हणौन केलें तें सजेना'. आपण भिंतीवर लिहिताना यत्न ठेवला, अचूक गाळलं.

म्हणून तुम्हाला विचारते, मुलाच्या मुळाला ओल कुठून मिळते आहे? पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ भागात अशी हजारो मुलं राहतात. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं-पाचजण, दिवसभर अभ्यासिकेत ठरलेली खुर्ची, दोन वेळची मेस, आणि रविवारी संध्याकाळी तीही बंद. सोबतचे काही निवडून गेले, काही गावी परतले, दरवर्षी खोलीत नवी, आपल्यापेक्षा लहान पोरं येतात. चोविसाव्या वर्षी या सगळ्यात मजा असते. एकतिसाव्या वर्षी तीच खोली वेगळी दिसते. हे त्याने तुम्हाला कधी सांगितलं आहे का? तुमच्या पत्रात परीक्षांचा हिशेब आहे, त्याच्या दिवसाचा नाही. हा ठपका म्हणून म्हणत नाही. रोज सकाळी म्हण पोचली की बोलणं झाल्यासारखं वाटतं, आणि खरं बोलणं तेवढंच राहून जातं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुकोबांनी लिहिलं, 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग'. आम्हां. लढणारा माणूस स्वतःबद्दल बोलतो आहे. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ त्यांनी भोगला. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली', हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच अभंगात पुढे ते म्हणतात की या दुःखाने जीव त्रासला, व्यवसायात तूट येताना दिसली. मग त्यांचं मन दुकानावरून उठलं आणि मोडलेलं देऊळ बांधावं असं त्यांच्या चित्ताने घेतलं. 'असाध्य ते साध्य' म्हणणाऱ्या या माणसाने बुडता व्यापार रेटत नेला नाही, गुरुजी. तिथून ते उठले आणि ज्यासाठी उठले त्यात मात्र आयुष्यभर तसूभर हलले नाहीत. तुमचा मुलगा चाकणचा विचार करतो म्हणजे चिकाटी सोडतो, हे गृहीत मला म्हणूनच पटत नाही. ज्या मुलाने घरापासून दूर सात वर्षं निकालामागून निकाल पचवले, त्याच्यात चिकाटी नाही असं कोण म्हणेल? ती त्याच्या अंगात मुरली आहे आणि तो जाईल तिथे त्याच्यासोबत जाईल, चाकणच्या कारखान्यातसुद्धा.

आता टाकीबद्दल. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण तुम्ही महिन्यातून दोनदा तरी पाठवता असं लिहिलंत.

लहानपणी आमच्या आळीत वर्षातून एक-दोनदा पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई यायची. अंगणात पाटा आडवा ठेवून ती समोर उकिडवी बसायची आणि आधी हातोडीने एकदा ठोकून त्याचा आवाज ऐकायची. एकदा आजीने माळ्यावरचा जुना पाटा काढून दिला. बाईने ठोकला, कान तिरका केला, परत ठोकला, म्हणाली, 'आई, ह्याला आतून चीर हाय. टाकी मारली तर दोन तुकडे व्हतील.' तो पाटा मग न्हाणीपुढे पाय धुवायला मांडला गेला आणि मी शिकायला बाहेर पडेपर्यंत तिथे होता. चांगल्या पाट्यावर मात्र ती बारीक बारीक टाके घालत जायची, एका ओळीत, डोळे किलकिले करून, कारण कपच्या उडायच्या. आणि पाटा पुरेसा खरखरीत झाला की ती थांबायची. आजी मग मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायची, कच निघून जावी म्हणून. पुढे वर्षभर घरातली चटणी-पुरण त्याच पाट्यावर.

त्या बाईच्या हातात तीच टाकी होती, जी म्हणीत आहे. तिने देव घडवला नाही, पाटा घडवला, आणि आमचं घर त्यावर जेवलं. म्हणीत आपण घावांबद्दल बोलतो. दगड ऐकणारा कान आणि वेळेवर थांबणारा हात यांच्याबद्दल म्हण काही सांगत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत तो कान आणि तो हात कुणाचा आहे? राज्यसेवा परीक्षा घेणाऱ्या लोकसेवा आयोगाचा नक्कीच नाही. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३३ होती, २०१६ मध्ये ती ३८ झाली, मागासवर्गीयांसाठी ४३. प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा घालायचं आयोगाने २०२० च्या शेवटी ठरवलं होतं, तेही पुढे मागे घेतलं. मुलांना संधी मिळावी म्हणून हे झालं आणि ते चांगलंच झालं. पण दार इतकी वर्षं उघडं राहतं, तेव्हा 'आता पुरे' असं बाहेरून कुणी म्हणत नाही. ते मुलालाच म्हणावं लागतं, आणि घरचे रोज उलटं सांगत असले तर ते शब्द तोंडातून निघत नाहीत. मग मुलं फळा पुसतात.

शेजारच्या फौजदाराचं उदाहरणही जरा तपासून घ्या. ती परीक्षाही आयोगच घेतो, पण ती वेगळी आहे, तिला शारीरिक चाचणी आहे. राज्यसेवेत जागा काहीशे आणि अर्ज काही लाख, त्यामुळे उत्तम तयारी केलेली बहुसंख्य मुलंही दरवेळी बाहेरच राहतात. तुम्ही गावात सगळ्यांना ओळखता. गेल्या पंधरा वर्षांत तालुक्यातून किती मुलं-मुली पुण्याला गेली, किती निवडली गेली आणि बाकीची आज काय करतात, हे एकदा कागदावर मांडा. निवडलेल्याची मिरवणूक निघते. बाकीचे परत येतात ते पहाटेच्या एसटीने. त्यातल्या कुणी शेती नीट केली असेल, कुणी क्लास काढला असेल, कुणी बँकेत लागलं असेल. त्यांच्याशी बोललात तर 'जन्मभर हळहळेल' या भीतीचा खरेखोटेपणा तुम्हालाच कळेल. काहीजण हळहळत असतीलही, ते नाकारत नाही. पण मला पत्रं लिहिणाऱ्यांत वेळेवर न उठल्याची हळहळही बरीच असते.

आता काय करता येईल ते बघू. निर्णय त्याचा आहे हे धरूनच लिहिते.

एक वाट नोकरी घेण्याची. तिला हार म्हणू नका, घरात कुणाला म्हणू देऊ नका. सात वर्षांचा राज्यघटनेचा, अर्थकारणाचा, भूगोलाचा अभ्यास वाया जात नसतो, पण इंजिनिअरिंगचं ज्ञान मात्र गंजतं. कंपनीत त्याला आपल्यापेक्षा लहान मुलांच्या हाताखाली सुरुवात करावी लागेल. तिथे त्याला वडिलांचा आधार लागेल, या सात वर्षांपेक्षा जास्तच.

दुसरी वाट नोकरी करत परीक्षा देण्याची. ऐकायला सगळ्यांना आवडते, प्रत्यक्षात फार दमवते. शिफ्टची नोकरी आणि मुख्य परीक्षा हे जमवणारे आहेत, पण थोडे. कमी पसाऱ्याच्या दुसऱ्या एखाद्या परीक्षेसाठी ही वाट जास्त बरी.

तिसरी, तुम्हाला हवी असलेली, पूर्ण वेळ आणखी एक प्रयत्न. यात एक गोष्ट तुम्ही धरलेली दिसत नाही. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. याच बदलावरून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती आणि मग तो २०२५ पर्यंत पुढे ढकलला गेला. इतकी वर्षं त्याने मुख्यतः पर्यायांतून उत्तर निवडायची तयारी केली, आता पानंच्या पानं लिहायची आहेत. त्याचं लेखन चांगलं असेल तर ही त्याच्यासाठी नवी संधीही ठरेल, नसेल तर 'आणखी एक' प्रयत्न म्हणजे जवळजवळ पहिला प्रयत्न. हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला करायचंच असेल तर सुरुवातीलाच तारीख ठरवावी: कोणत्या निकालानंतर थांबायचं, तोवर महिन्याला किती पैसे, थांबल्यावर पुढे काय. हे त्याने लिहावं, तुम्ही वाचावं. उलटं नको.

पैशांबद्दलही एकदा स्पष्ट बोला. त्याच्यावर झालेला खर्च हे त्याच्या डोक्यावरचं कर्ज नाही, हे तुमच्या तोंडून त्याने ऐकलेलं नसावं. आणि पेन्शनवर पुढे ताण पडणार असेल तर तेही खरं सांगा. एकतीस वर्षांच्या मुलाला खरा आकडा पेलतो.

मेसेज आजपासून बंद करा. त्याची जागा दुसऱ्या, जरा सौम्य म्हणीने भरू नका. असल्या सौम्य म्हणीही आपल्याकडे आहेत, 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती' आहे, 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' आहे. आपली भाषा दोन्ही बाजूंनी बोलते. आपण आपल्या मनाजोगती बाजू उचलून दुसऱ्याच्या हातात देतो. फक्त एकदा, तुमच्या शब्दांत लिहा, 'फळा तू पुसलास ते पाहिलं. मला राग नाही. इतके दिवस मी सांगत होतो, आता मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. सवड झाली की फोन कर.' उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर घाबरू नका, पण पुन्हा लिहूही नका. दहा-बारा दिवसांनी पुण्याला जा. डबा घेऊन जा, त्याच्या खोलीवर बसा. निकालाचं तुम्ही काढायचं नाही.

तुमच्या घरी आईला त्याने आधी सांगितलं, यातही काही शिकण्यासारखं आहे. त्यांना विचारा की त्या फोनवर काय बोलतात. माझा अंदाज आहे, त्या फारसं काही सांगत नसतील.

तो झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, मित्रांना टाळत असेल, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' अशा अर्थाचं बोलत असेल, तर नोकरी-परीक्षेचा विषय बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. पालकांनीही फोन केला तरी चालतो. असं काही दिसेल असं मी म्हणत नाही. पण निकालानंतरच्या महिन्यांत प्रत्येक घराने डोळे उघडे ठेवावेत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं लिहिते. सोसण्याच्या म्हणी मुलांपेक्षाही जास्त सांगितल्या जातात त्या सासरी गेलेल्या मुलींना. 'पदरी पडलं, पवित्र झालं.' दुष्काळ, आजारपण, नापास होणं यांत सोसण्याला अर्थ असतो, कारण समोर भांडायला कुणी नसतं. जिथे दुःख देणारा माणूसच समोर उभा आहे, तिथे ती म्हण त्याच्या कामी येते. मुलगी फोनवर रडत असेल तर म्हण सांगू नका, तिला घरी आणा. आणि ज्यांना रोज सकाळी असे मेसेज येतात त्या मुला-मुलींना सांगते, फळा पुसलात तरी चालेल, पण एक वाक्य बोला. 'बाबा, यातून मला बळ येत नाही, दडपण येतं' एवढं पुरे. आपल्या वाडवडिलांना प्रेम करायची दुसरी भाषा बहुतेक कुणी शिकवलेलीच नसते.

गुरुजी, ओसरीतला फळा काढू नका. कोरा राहू द्या, किंवा दुधाचा हिशेब लिहा. मुलगा पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याला काही लिहावंसं वाटलं तर खडू जागेवर आहेच.

आणि पुण्याला त्याच्या खोलीवर बसाल तेव्हा काय विचारायचं सुचलं नाही, तर रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा तो काय जेवतो, ते विचारा. त्याने सांगितलं की लगेच काही म्हणू नका. कुणासोबत जेवतो, तेही विचारा.